सखाराम बाइंडरचा आजार

विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याच्यावर जे लिहिले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन गठ्ठे होतात. एकात अश्लीलता, सेन्सॉरने सुचवलेली काटछाट आणि कमलाकर सारंगांची उच्च न्यायालयातली लढाई. दुसऱ्यात विवाहसंस्था, हिंसा, आणि लक्ष्मी व चंपा ही स्त्रीची दोन टोके. हे दोन्ही गठ्ठे चाळताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. शेवटच्या अंकात जे घडते आणि ज्याच्यामुळे नाटक खुनापर्यंत जाऊन पोचते, त्याला नाव द्यायला आपण कचरतो. ‘पौरुषाचा पराभव’, ‘सुप्त नैतिकतेचा उद्रेक’, ‘पुरुषी अहंकाराचा चक्काचूर’ असे भारदस्त शब्द येतात. सखारामला चंपाबरोबर संभोग करता येईनासा होतो, हे साधे वाक्य माझ्या वाचनात फार क्वचित आले.

कथानक वाचकांना माहीत आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम. त्याच्याकडे आलेली सातवी लक्ष्मी, आठवी चंपा. लक्ष्मी एकदा जाते आणि निराधार होऊन परत येते. चंपाच तिला ठेवून घेते. घरकाम तू बघ, याला मी बघते, अशी रोकडी वाटणी होते. आणि त्यानंतर सखारामचे शरीर त्याचे ऐकेनासे होते. इच्छा आहे, आडदांडपणा आहे, दारू आहे, पण जमत नाही. चंपा तोंडावर सांगते की ती आल्यापासून तू पुरुष राहिलेला नाहीस. पुढे चंपा दाऊदकडे जाते, लक्ष्मी ते सखारामला सांगते आणि तो चंपाचा गळा दाबतो.

हा प्रसंग रूपक म्हणून वाचायला माझी हरकत नाही. पण रूपकाच्या आधी लक्षण वाचावे. विशिष्ट व्यक्ती घरात आल्यापासून सुरू झालेला, आधी नसलेला, अचानक आलेला ताठरतेचा दोष हे कोणत्याही डॉक्टरच्या टिपणवहीत शोभेल इतके नेमके वर्णन आहे. रक्तवाहिन्यांमुळे किंवा मधुमेहामुळे येणारा दोष सहसा असा एका रात्रीत येत नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो आणि पहाटेची आपोआप येणारी ताठरताही घेऊन जातो. मनातून आलेल्या दोषात पहाटेची ताठरता शाबूत राहते. १९८०च्या सुमारास डॉक्टरांनी याची एक मजेशीर चाचणी सुचवली होती. झोपताना पोस्टाच्या तिकिटांची पट्टी इंद्रियाभोवती गुंडाळायची. सकाळी ती छिद्रांच्या रेषेवर फाटलेली दिसली, तर यंत्र ठीक आहे असे समजायचे. सखारामची पट्टी फाटली असती असा माझा अंदाज आहे. तेंडुलकरांनी वैद्यकाचा अभ्यास करून हे लिहिले असे मी म्हणत नाही. त्यांची नजर नेमकी होती, एवढेच.

आपण नाव द्यायला कचरतो याचे कारण केवळ संकोच नाही. आपल्याकडे नावच धड नाही. ‘नपुंसक’ या एका शब्दात मराठीने चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत : इच्छा नसणे, ताठरता न येणे, वीर्यपतनाच्या तक्रारी आणि मूल न होणे. त्यात पाचवी भर अग्रलेखांनी आणि सभांनी घातली. निर्णय न घेणारे सरकार ‘षंढ’, मोर्चाला सामोरा न येणारा अधिकारी बांगड्यांच्या आहेराचा धनी. कायद्याचा अर्थ पुन्हा निराळा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात नपुंसकत्व म्हणजे विवाह शरीरतः पूर्ण न होऊ देणारी असमर्थता; मूल होते की नाही, याच्याशी तिथे संबंध नाही. गावकीत मात्र ज्याला मूल नाही तो संशयित, आणि त्याच्याही आधी त्याची बायको वांझ. इंग्रजीतही हा घोळ होता. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने ‘इम्पोटन्स’ हा शब्द सोडून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ वापरावा अशी शिफारस केली, ती याचसाठी. माणसाच्या सबंध पुरुषपणावरचा शेरा काढून एका अवयवाच्या एका कामापुरते बोलायचे. आपण ‘ताठरतादोष’ म्हणू शकतो. शब्द रुळलेला नाही, पण निदान तो शिवी नाही.

गंमत अशी की हा गोंधळ ज्या परंपरेच्या माथी आपण मारतो, तिच्यात तो इतका नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दुसरा अध्याय वाजीकरणाचा. घोड्यासारखा समर्थ करणे हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. त्यात दूध, तूप, उडीद, साठीचा भात, शतावरी, खाजकुयलीचे बी, पक्ष्यांची अंडी असा सढळ खुराक आहे. उडदाचा पाला खाऊ घातलेल्या गाईच्या दुधाचे तर एका पादाला नावच मिळाले आहे. हेतू उघड आहे : संतती. निपुत्रिक पुरुषाला तिथे सावली नसलेल्या एकट्या झाडाची आणि चित्रातल्या दिव्याची उपमा आहे. पण त्याच चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार वेगळे केलेले आहेत : बीजाच्या दोषाने आलेले, ध्वजभंगाने आलेले, म्हातारपणाने आलेले आणि शुक्रक्षयाने आलेले. म्हणजे बीज वेगळे आणि ध्वज वेगळा, हे चरकाला ठाऊक होते. सुश्रुत त्याच्याही पुढे जातो. त्याच्या सहा प्रकारांतला पहिलाच मानस आहे : अप्रिय विचारांनी मन विटले असता किंवा नकोशा स्त्रीशी संग घडवला असता येणारा. जन्मजात आणि मर्मावर घाव बसून आलेले प्रकार असाध्य, असेही तो स्पष्ट सांगतो. ‘आम्ही हे करू शकत नाही’ असे सांगणारा वैद्य पुढच्या जाहिरातींत शोधूनही सापडत नाही.

चरक आणि सुश्रुत हातात धरून तेंडुलकरांची दोन नाटके शेजारी ठेवली, तर दोन निराळे रोगी दिसतात. ‘गिधाडे’मधला रमाकांत मूल हवे म्हणून रमाला डॉक्टर, वैद्य, साधू, बाबा यांच्या दारात फिरवत राहतो. रमा रजनीनाथजवळ मन मोकळे करते तेव्हा तिचे म्हणणे साधे आहे : दोष जमिनीत नाही, दारूत भिजलेल्या बीजात आहे. हा बीजाचा दोष. त्यात ताठरतेचा प्रश्नच नाही, उलट नवऱ्याचा हक्क तो रोज बजावतो आहे. सखारामचे प्रकरण नेमके उलटे. त्याला मूल नकोच आहे. समीक्षेत दोघांनाही ‘नपुंसकत्वाचे प्रतीक’ म्हणून एका दावणीला बांधले, की रमाच्या वाट्याला आलेली वणवण दिसेनाशी होते. तपासणी नवऱ्याची व्हायला हवी होती. उपाय बायकोवर चालले.

मधल्या काळात ज्याने हा घोळ पक्का केला, तो साहित्यप्रकार म्हणजे जाहिरात. मी तिला साहित्यप्रकारच म्हणतो, कारण तिला ठरलेले छंद आहेत. ‘निराश होऊ नका’ ही सुरुवात, तरुणपणच्या ‘चुकां’चा उल्लेख, ‘खोई हुई ताकत’ असा हिंदीतून आलेला मधला चरण आणि गुप्त पत्रव्यवहाराचे आश्वासन. तिचा पाया एका समजुतीवर आहे : वीर्य हा मर्यादित साठा आहे, तो सांडला की माणूस संपला. या भीतीने खंगलेले तरुण भारतातल्या डॉक्टरांना इतके भेटत की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली त्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. मराठीत या समजुतीशी एकहाती झुंज घेतली ती र. धों. कर्व्यांनी. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना हस्तमैथुनाने दुर्बलता येत नाही, हे ते वाचकांना पुनःपुन्हा सांगत राहिले. १९३४चा खटला वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला. बचावाला डॉ. आंबेडकर उभे होते आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. पूड विकणाऱ्याच्या वाटेला त्या काळात कोणी गेले नाही. पूड नको म्हणणारा गुन्हेगार ठरला. पुढे १९५४ साली औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत लैंगिक दुर्बलता आहे, आणि कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीलाही त्यात वेगळी बंदी आहे. हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये या कायद्यातली काही कलमे रद्द केली, पण गाभा राखला. कायदा आजही आहे. भिंतीही आहेत.

आता उपायांकडे. मी वैद्यकाचा पदवीधर नाही; जे छापील आहे ते ताडून पाहण्यापलीकडे माझा अधिकार नाही. पण ताडून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक उपाय ‘काय बिघडले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच गृहीत धरून बसलेला असतो.

१९७०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य उत्तर बहुतांशी ‘मन’ असे होते. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रोगी एकटा पुरुष नव्हता, जोडपे होते. सुरुवातीला संभोगाला बंदी. फक्त स्पर्श, तोही परीक्षा न घेता. पुरुष स्वतःच्याच कामगिरीचा प्रेक्षक होऊन बसतो आणि त्यामुळे घात होतो, हे त्यांचे निरीक्षण मला आजही फार मोलाचे वाटते. मग उत्तर ‘नळ’ असे झाले. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या रोनाल्ड विराग यांनी पापाव्हरिनच्या इंजेक्शनाने ताठरता येते हे दाखवले. पुढच्याच वर्षी लास वेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश संशोधक जाइल्स ब्रिंडली हॉटेलच्या खोलीत स्वतःला इंजेक्शन टोचून व्याख्यानाला आले आणि पँट उतरवून सभागृहाला पुरावा दाखवला. शास्त्राच्या इतिहासात लाज इतक्या उपयोगी रीतीने बाजूला ठेवल्याची उदाहरणे कमी असतील. इंजेक्शन आजही आहे आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर जिथे गोळी चालत नाही तिथे ते चालते. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही, तर मात्र तडक इस्पितळ गाठावे लागते. निर्वात पंप हा सर्वांत निरुपद्रवी उपाय. पंपाने रक्त ओढून मुळाशी रबराची कडी चढवायची आणि अर्ध्या तासाच्या आत ती काढायची. यात प्रणय कमी आणि फिटरकाम जास्त, ही तक्रार खरी आहे. इम्प्लांट हा शेवटचा मुक्काम. १९७३ मध्ये फुगवता येणारे इम्प्लांट आले. आपल्याकडे मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शहा यांच्या नावाने ओळखले जाणारे अर्धताठर इम्प्लांट परवडणारे म्हणून वापरात आले. ज्यांनी ते बसवले त्यांतले बहुसंख्य समाधानी असतात. पण नैसर्गिक ताठरतेचा मार्ग त्यानंतर बंद होतो, हे आधी सांगितले गेले पाहिजे.

आणि गोळी. इंग्लंडमध्ये फायझरच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिल हृदयशूळासाठी तपासले जात होते. छातीला फारसा गुण आला नाही, दुसरीकडे आला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. भारतात त्या वेळी औषधाच्या मूळ पदार्थाला पेटंट मिळत नसल्याने पेनेग्रा, कॅव्हर्टा अशा देशी गोळ्या लवकरच दुकानात आल्या. सिल्डेनाफिलचा अंमल काही तासांचा आणि तुपकट जेवणानंतर उशिरा सुरू होणारा. टाडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत. दोन्ही गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत. उत्तेजना आली तर रक्ताची वाट मोकळी ठेवतात, एवढेच. १९९८ सालच्या मूळ चाचणीतले आकडे मला फार बोलके वाटतात : गोळी घेतलेल्यांचे १०० पैकी ६९ प्रयत्न यशस्वी झाले, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांचे २२. हे बावीस म्हणजे वैद्याच्या पुडीचे सगळे भांडवल. चार-पाच प्रयत्नांत एकदा जमणारच, आणि जमलेला माणूस दुसऱ्याला पत्ता देणारच. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलच दडवलेले असते, असेही अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अनेकदा आढळले आहे. ज्याच्या खिशात सॉर्बिट्रेट आहे अशा हृदयरोग्याने ती अजाणता घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

सगळ्यांत दुर्लक्षित उपाय हा सगळ्यांत कंटाळवाणा आहे. नेपल्समधल्या संशोधकांनी ११० लठ्ठ पुरुषांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांवर नीट लक्ष दिलेल्या गटातल्या जवळपास एक-तृतीयांश पुरुषांचा दोष गोळीविना गेला. याचे कारण नळाचा व्यास. इंद्रियाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. चरबी धरली तर आधी बारीक नळ तुंबतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीतला ताठरतादोष पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन-चार वर्षे आधी येणारी चिठ्ठी असतो. लाजेपोटी परस्पर गोळी आणणारा माणूस ती चिठ्ठी न वाचताच फाडतो. हल्ली शहरांतल्या क्लिनिकमध्ये ध्वनिलहरी, प्लाझ्मा, स्टेम सेल असे महागडे प्रकार दिसतात. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्यांना प्रायोगिकच म्हटले होते. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने ज्याच्या रक्तात ते खरोखर कमी आहे त्यालाच लागू. त्याच संघटनेची एक शिफारस मला पटते : पायरीपायरीने न नेता सगळे पर्याय, धोक्यांसकट, रोग्यापुढे एकदम मांडावेत.

पण रोगी कोण? इथे सखाराम पुन्हा उपयोगी पडतो. त्याला गोळी दिली असती तर? मनातून आलेल्या दोषातही ती बरेचदा लागू पडते, तेव्हा बहुधा त्याचे जमले असते. ताठरतेचे मोजमाप करण्यासाठी १९९७ पासून जगभर वापरली जाणारी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली त्याने समाधानाने भरली असती. ती पंधराही उत्तरे पुरुषाने द्यायची असतात. चंपाला त्यात काही विचारलेले नाही, आणि सगळ्या उपायांची तुलना, मी वर केली तीसुद्धा, याच एका बाजूने होते.

चंपाच्या बाजूने पाहिले तर चित्र फिरते. फौजदार शिंद्याने तिचे शरीर छळून टाकलेले आहे. सखारामच्या घरी छप्पर आणि अन्न यांच्या बदल्यात ती रात्री देते आणि ते सोसावे म्हणून आधी दारू मागते. सखारामचे शरीर नकार देते ते दिवस तिला सुटकेचे वाटायला हवेत. तसे होत नाही, कारण तो जितका असमर्थ होतो तितकाच हिंसक होतो. मास्टर्स आणि जॉन्सनची पद्धतही इथे लटकी पडते. तिला दोन राजी माणसे लागतात आणि या घरात एकही पूर्ण राजी नाही. सुश्रुताने मनाचे विटणे पुरुषाच्या बाजूने नोंदवले. नकोशा पुरुषाशी संग घडवलेल्या स्त्रीचे काय होते, याचा प्रकार त्याच्या सहांत नाही. मनाजोगती, आनंद देणारी स्त्री हे सर्वश्रेष्ठ वाजीकरण, असे चरक म्हणतो. ते वाक्य मी पूर्वी सहृदयतेचा पुरावा म्हणून वाचत असे. हल्ली त्यातली स्त्री दूध, तूप, उडीद यांच्याच यादीत बसलेली दिसते.

डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या पुस्तकांनी आणि केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारींनी उभारलेल्या विभागाने मराठी घरांत हा विषय निदान बोलण्याजोगा केला. साहित्यसमीक्षेत तो अजून यायचा आहे. लक्ष्मी आल्यावर सखारामचे काय झाले, यावर आपण पन्नास वर्षे वाद घातला. त्या रात्री दारू एकट्या सखारामने प्यायलेली नाही, चंपानेही प्यायलेली आहे. नाटकात या दुखण्यावर औषध म्हणून काही घेतले जात असेल तर तेवढेच, आणि ते घेऊन रात्र काढण्याची वेळ आधीपासून तिच्यावर आलेली होती.